बोगदे कुणी खोदले?

नववीतली कर्जतची सहल आठवते ना? पुण्याहून पॅसेंजर, प्रत्येकाच्या डब्यात पोळी आणि बटाट्याची भाजी, आणि इतिहासाच्या सरांनी घातलेले काम : लोणावळा सुटले की बोगदे मोजायचे, कर्जतला आकडा सांगायचा. मुलींच्या बाजूला खडूने रेघा मारणे चालले होते, आमच्याकडे बोटांवर. कर्जतला उतरलो तेव्हा पंचवीस पोरांचे निदान दहा वेगळे आकडे होते. खिंडीवरच्या पुलालाही काहींनी बोगदा धरले होते. सर वैतागून म्हणाले, "पुस्तकात पंचवीस आहेत, पंचवीसच लिहा." मग आपण वडे खायला पळालो.

आपले आकडे का जुळले नाहीत, ते मला फार उशिरा कळले. 25 बोगदे होते ते 1863 साली सुरू झालेल्या मूळ मार्गावर. 1929 साली विजेची गाडी घाटात आणताना मार्गाचा वरचा भाग बदलला, नवे बोगदे पाडले, काही जुने सोडून दिले. म्हणजे आपण मोजत होतो एक घाट आणि सर सांगत होते दुसराच.

परतल्यावर चाचणीत प्रश्न आला होता : बोरघाटातील रेल्वेमार्ग कोणी बांधला? आपण सगळ्यांनी 'इंग्रजांनी' लिहून दोनपैकी दोन गुण घेतले. एकाने लिहिले होते, 'आमच्या पणजोबांनी.' वडारवाडीतून येणारा, शेवटच्या बाकावर बसणारा आपला मित्र. नाव लिहीत नाही, त्याने तशी अट घातली आहे. पण तुम्ही ओळखालच. ते उत्तर वर्गात मोठ्याने वाचले गेले आणि वर्ग हसला. मी पहिल्या बाकावर होतो आणि बहुधा सर्वांत मोठ्याने हसलो.

पुढे पाटबंधारे खात्यात नोकरी केली, काही वर्षे बोगद्याच्या कामावर काढली. काळा कातळ काय चीज आहे ते तिथे समजले. आमच्या हाताशी हवेच्या दाबावर चालणारी छिद्रे पाडणारी यंत्रे होती, डायनामाइट होते, तरी एकेक फूट पुढे सरकताना जीव मेटाकुटीला यायचा. तेव्हापासून बोरघाटाविषयी मिळेल ते वाचत आलो.

मुंबई-ठाणे गाडी 16 एप्रिल 1853 ला धावली, हे आपण पाठ केले होते. पण मुंबईच्या व्यापाऱ्यांना ठाण्याला जायचे नव्हते. त्यांना देशावरचा कापूस बंदरात हवा होता आणि मध्ये सह्याद्री उभा होता. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मुख्य अभियंता जेम्स बर्कले हा रॉबर्ट स्टीफन्सनच्या हाताखाली तयार झालेला. त्याने पाहणी करकरून जो मार्ग आखला तो साधारण पावणेसोळा मैलांचा. तेवढ्यात गाडीने 1,831 फूट चढायचे. सरासरी चढ 48 ला 1, सर्वांत कडक जागी 37 ला 1. म्हणजे 37 फूट पुढे गेले की 1 फूट वर. रस्त्याच्या मानाने हा चढ काहीच नाही. पण लोखंडी रुळावर लोखंडी चाक घसरते, तिथे तो भयंकर आहे. आजही कर्जतला गाडीला मागून जादा इंजिने लागतात ती त्यामुळेच.

खंडाळ्याच्या अलीकडे तर डोंगराची सोंड इतकी अरुंद की गाडी वळवायला जागाच नाही. बर्कलेने तिथे उलटे स्टेशन काढले. गाडी सरळ टोकापर्यंत जायची, इंजिन सोडवून मागच्या बाजूला जोडायचे, आणि मग शेपटाचे तोंड करून ती पुढचा चढ चढायची. नागमोडी पायवाटेने चढणारा माणूस कोपऱ्यावर वळतो तसे, फक्त इथे न वळता. 1929 च्या बदलात हे स्टेशन गेले.

काम 1856 च्या जानेवारीत सुरू झाले. 1858 च्या जूनपर्यंत वरची पुणे-खंडाळा गाडी चालूही झाली होती आणि खालून गाडी खोपोलीपर्यंत येत होती. मधला घाट लोक पालखीतून, तट्टावरून किंवा पायी चढत. पाच वर्षे हे असे चालले. त्या वाटेवरून वर जाणाऱ्याला डाव्या-उजव्या कड्यांवर काय दिसत असेल? कमरेला दोर बांधून कड्यावरून खाली सोडलेली माणसे, लोंबकळत पहारीने कातळात सुरुंगाची भोके पाडणारी. बोगद्यासाठी आडवे शिरायला आधी पाय रोवायला जागा हवी, आणि ती जागा अशीच अधांतरी करावी लागे. डायनामाइट तेव्हा नव्हते. नोबेलने त्याचे पेटंट घेतले 1867 साली, घाट पुरा झाल्यावर चार वर्षांनी. इथे सगळे काम पहार, घण आणि बंदुकीची दारू यांवर झाले. आमच्या कामावर यंत्र एका पाळीत जे करायचे, त्याला या हातांना किती दिवस लागले असतील याचा हिशेब मी एकदा कागदावर मांडायला घेतला आणि सोडून दिला.

पावसाळ्याचे चार महिने उघड्यावरचे काम ठप्प व्हायचे, माणसे पेरणीला गावी जायची, आणि पाऊस ओसरला की पुन्हा जमवाजमव. 1861 मध्ये ऐन भरात 42,000 माणसे या एका घाटावर होती. त्यांत बायका आणि पोरेही, कारण मजूर कुटुंबच्या कुटुंब घेऊन येत. पुरुष खोदायचा, बाई टोपली वाहायची. उघड्या डोंगरावर, पाण्याची धड सोय नसताना इतकी माणसे एकत्र राहिली तर काय व्हायचे तेच झाले. पटकी आली आणि पुन्हा पुन्हा आली. तापाने गेले ते वेगळे, सुरुंगात आणि कड्यावरून पडून गेले ते वेगळे. हजारो मेले. किती कातळ फुटला त्याचा घनयार्डात हिशेब आहे, तो 20 लाखांच्या वर जातो. माणसांचा असा हिशेब कुणी नीट ठेवला नाही.

पैशांचेही तेच. रेल्वे कंपनीचा मोठा ठेकेदार फॅव्हिएल, त्याच्या खाली छोटे ठेकेदार, त्यांच्या खाली मुकादम, आणि तळाला मजूर. मजुरी वरून खाली येईपर्यंत गळत यायची, कधी यायचीच नाही. 1859 च्या जानेवारीत थकलेल्या मजुरीवरून मजूर उठले, गोऱ्या देखरेख्यांवर चालून गेले. एक युरोपीय त्यात मेला. दोन महिन्यांत फॅव्हिएलने ठेका सोडला. पुढच्या वर्षी सरकारने रेल्वेसारख्या कामांवरच्या मजुरीच्या तंट्यांसाठी कायदा केला. थकलेल्या मजुरीची दाद त्यात होती हे खरे, पण अंगावर घेतलेले काम सोडून जाणाऱ्या मजुराला तुरुंगाची सोयही त्याच कायद्यात होती. 1857 नंतर दोनच वर्षांनी हे घडले, आणि आपल्या इतिहासाच्या पुस्तकात त्यावर ओळसुद्धा नव्हती.

फॅव्हिएलनंतर ठेका घेतला सॉलोमन ट्रेडवेलने. तो इंग्लंडहून आला आणि काही आठवड्यांतच इथे मरण पावला. आता काम पुन्हा अडणार असे वाटत असताना त्याची बायको अॅलिस हिने ठेका स्वतःकडे ठेवला, अॅडमसन आणि क्लाउझर या दोन जाणत्या अभियंत्यांवर देखरेख सोपवली आणि घाट पुरा करून दिला. खुद्द बर्कलेची प्रकृती इथे ढासळली. तो परत गेला आणि 1862 च्या ऑगस्टमध्ये वारला. 21 एप्रिल 1863 ला गव्हर्नर बार्टल फ्रिअरने मार्गाचे उद्घाटन केले, ते बर्कलेला पाहायला मिळाले नाही. या माणसाविषयी मला मनापासून आदर आहे. सह्याद्रीत अशी रेघ ओढणे हे येरागबाळ्याचे काम नव्हे. मात्र बांधकाम सगळीकडे त्या रेघेच्या तोडीचे उतरले नाही. 1867 च्या जुलैत घाटातला एक मोठा दगडी पूल कोसळला आणि मग इतरही पूल तपासून पुन्हा बांधावे लागले.

जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर घाटात शिंगरोबाचे देऊळ आहे, तिथे गाडी थांबवून नाणे टाकणारे आपल्यात बरेच असतील. साहेबाला घाटाची वाट दाखवणारा धनगर, आणि वाट सापडल्यावर साहेबाने त्यालाच गोळी घातली, अशी ती कथा. तिला कागदाचा आधार मागण्यात अर्थ नाही. पण लोकांनी कुणाचे देऊळ बांधले ते पाहा.

या स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला तेव्हा मी आधी आपल्या त्या मित्राला फोन केला. पन्नास वर्षांत पहिल्यांदाच. सहलीचे, चाचणीचे बोललो, आणि हसल्याबद्दल माफी मागितली. तो म्हणाला, "अरे, तू एकटा थोडाच हसलास?" मग त्याने आजीकडून ऐकलेले सांगितले. पणजोबा तेव्हा आठ-दहा वर्षांचे होते. आईबाप दोघे घाटावर कामाला. पोरांचे काम एवढेच, की बोथट झालेल्या पहारी लोहाराकडे न्यायच्या आणि धार लावून पुन्हा वर पोचवायच्या. दिवसभर हेच, उतरायचे आणि चढायचे. दुसऱ्या हंगामात आई पटकीने गेली. तिला तिथेच कुठेतरी पुरले आणि बाप दुसऱ्या दिवशी कामावर गेला, कारण मजुरी थकलेली होती आणि निघून गेले तर ती बुडाली असती.

"पेपरात एवढं सगळं लिहायला जागा नव्हती," तो म्हणाला.

संमेलनाला तो येतो आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघे लोणावळ्याहून कर्जतला जाऊन येणार आहोत, सोबत कुणाला यायचे असेल तर कळवा. त्याने दरवाजाकडची जागा मागितली आहे. मोजायचे काम माझ्याकडे.