मुलींचे मैदान आणि त्यावरच्या रेषा

खंडाळा म्हटले की बहुतेकांना बोरघाटातला खंडाळा आठवतो. आमचा खंडाळा तो नव्हे. पुण्याहून येताना नीरा ओलांडली की लागणारा, खंबाटकी घाटाच्या अलीकडचा, सातारा जिल्ह्यातला हा तालुका. याच तालुक्यातल्या नायगावात ३ जानेवारी १८३१ रोजी सावित्रीबाई फुले यांचा जन्म झाला. मुलींच्या शिक्षणाचा इतिहास सांगताना आपण नायगावाहून निघतो आणि १८४८ सालच्या भिडे वाड्यापाशी थांबतो. त्या शाळेच्या वाटेवर सावित्रीबाईंनी अंगावर शेण-दगड झेलले, हे सर्वांना ठाऊक आहे. पण वर्गात बसलेली मुलगी मैदानावर कधी आली, आणि कोणत्या अटींवर आली, हा प्रश्न आपण फारसा विचारत नाही. कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाची गोष्ट त्या दृष्टीने पाहण्यासारखी आहे.

मुलींनी शिकू नये याची कारणे देशोदेशी वेगवेगळी होती. आपल्याकडे धर्म आणि अपशकुन पुढे केले जात. शिकलेल्या बाईच्या नवऱ्याच्या ताटातल्या अन्नाच्या अळ्या होतात, असे लोक खुशाल सांगत. अमेरिकेत शास्त्राचा आधार घेतला गेला. हार्वर्डमध्ये शिकवलेले डॉक्टर एडवर्ड क्लार्क यांनी १८७३ साली एक पुस्तक लिहून असे मांडले की, मुलांसारखे कष्टाचे शिक्षण मुलींना दिले तर त्यांच्या शरीराची, विशेषतः मातृत्वाची, हानी होते. हे पुस्तक निघाल्यावर दहाच वर्षांनी, १८८३ साली, आपल्या आनंदीबाई जोशी त्याच देशात डॉक्टर व्हायला गेल्या. १८८६ साली पदवी घेऊन त्या परतल्या आणि पुढच्याच वर्षी, वयाच्या एकविसाव्या वर्षी, क्षयाने गेल्या. विद्येचा त्या मृत्यूशी काही संबंध नव्हता. पण असा संबंध जोडायला लोक टपलेलेच असतात.

म्हणून स्त्रियांच्या कॉलेजांना विद्यार्थिनी निरोगी आहेत हे दाखवणे भाग होते. मॅसॅच्युसेट्समधल्या स्मिथ कॉलेजात जानेवारी १८९२ मध्ये सेंडा बेरेन्सन ही व्यायामशिक्षिका रुजू झाली. लहानपणी ती स्वतः अशक्त होती आणि व्यायामानेच सुधारली होती. नुकताच, डिसेंबर १८९१ मध्ये, जवळच्याच स्प्रिंगफील्ड गावी जेम्स नाइस्मिथ यांनी पीचची टोपली दहा फुटांवर ठोकून आणि तेरा नियम लिहून एक नवा खेळ काढला होता. बेरेन्सनने तो मुलींना शिकवला. २२ मार्च १८९३ रोजी दोन वर्गांत सामना झाला. दुसऱ्या वर्षाच्या मुली ५-४ ने जिंकल्या. पुरुषांना आत मज्जाव होता, कारण मुली घोट्यापर्यंतच्या घागऱ्याऐवजी सैल विजारी घालून खेळत होत्या. पहिल्याच चेंडूफेकीत एका संघाच्या कर्णधाराचा खांदा निखळला. तरी खेळ थांबला नाही.

पुढे जे झाले ते जास्त बोलके आहे. खेळ मुलींना मानवतो हे दिसले, तशी खेळाला लगाम घालण्याची गरज भासली. बेरेन्सनने मैदान आडवे तीन भागांत वाटले. जी खेळाडू ज्या भागात उभी, तिने तिथेच राहायचे. दुसरीच्या हातातून चेंडू हिसकावायचा नाही, तो तीन सेकंदांपेक्षा जास्त हातात ठेवायचा नाही, तीनपेक्षा जास्त वेळा आपटायचा नाही. तिचा हेतू वाईट नव्हता. या रेषा आखल्या नसत्या तर कदाचित खेळच बंद झाला असता. पण तडजोड म्हणून आखलेली रेषा पुढे प्रकृतिधर्म ठरते. १९३८ साली तीनाचे दोन भाग झाले. १९५३ साली चिलीतल्या पहिल्या जागतिक महिला स्पर्धेत अमेरिकेच्या मुली संपूर्ण मैदानावर खेळल्या आणि जिंकल्या, तरी घरी कॉलेजात त्याच देशाच्या मुली रेषेच्या अलीकडे थांबत होत्या. कॉलेजच्या मुलींना पूर्ण मैदान १९७१ मध्ये मिळाले. ऑलिंपिकमध्ये पुरुषांचा बास्केटबॉल १९३६ सालीच आला होता, महिलांचा १९७६ साली आला.

भारतात हा खेळ वायएमसीएमार्फत पसरला. हॅरी बक यांनी १९२० साली मद्रासला सुरू केलेल्या व्यायामशिक्षण संस्थेचा त्यात मोठा वाटा आहे. आपल्या ग्रामीण भागात मात्र मुलींचा खेळ म्हणजे खो-खो आणि कबड्डी. याचे कारण हिशेबाचे आहे. बास्केटबॉलचे मैदान २८ बाय १५ मीटर, खो-खोचे साधारण २७ बाय १६ मीटर. जागा जवळजवळ तेवढीच लागते. पण खो-खोला दोन खांब आणि चुना पुरतो. बास्केटबॉलला पक्की फरशी, दोन रिंगा आणि फळे लागतात. मुलींसाठी एवढा खर्च कोण करणार, या प्रश्नावर गोष्ट अडते. इथे रेषा पैशाने आखलेली आहे.

१८ नोव्हेंबर १९६२ रोजी शिवाजी विद्यापीठ सुरू झाले आणि सातारा-सांगलीच्या कॉलेजांना आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांची चौकट मिळाली. आधी विभागीय, मग आंतरविभागीय सामने, त्यातून विद्यापीठाचा संघ, मग आंतरविद्यापीठ स्पर्धा. बहुधा बाद पद्धत असल्याने छोट्या कॉलेजचा अख्खा हंगाम एका दुपारीही संपतो. सहा महिने पहाटे सराव, घरच्यांची परवानगी, एसटीचा प्रवास आणि चाळीस मिनिटांचा खेळ.

आज आपल्या भागातल्या मुलींची नावे जगाला ठाऊक आहेत. माणदेशच्या ललिता बाबरने २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठली, साताऱ्याची आदिती स्वामी २०२३ साली सतराव्या वर्षी तिरंदाजीत जगज्जेती झाली, सांगलीत वाढलेली स्मृती मानधना क्रिकेटमध्ये आहे. बास्केटबॉलमध्ये पुण्याच्या शिरीन लिमयेने भारताचे कर्णधारपद केले. एकेकीच्या पराक्रमाची नोंद होते. विभागीय फेरीत हरलेल्या संघाची मात्र कॉलेजच्या वार्षिकात दोन ओळी आणि एक धूसर छायाचित्र, एवढीच.

इतिहासाला पुरावा लागतो. स्मिथ कॉलेजातला तो ५-४ चा निकाल १३० वर्षांनंतरही सांगता येतो, कारण तो कुणीतरी लिहून ठेवला. आपल्या कॉलेजांच्या जिमखान्यातल्या स्कोअरशीट दर काही वर्षांनी रद्दीत जातात. ज्यांच्या घरी अशी संघाची छायाचित्रे असतील, त्यांनी मागच्या बाजूला साल, गाव आणि उभ्या असलेल्या मुलींची माहेरची नावे लिहून ठेवावीत. लग्नानंतर नाव बदलले की त्या मुली शोधूनही सापडत नाहीत.