फाळक्यांनी मागवलेला कॅमेरा

मागच्या व्याख्यानानंतर अकोल्याच्या एका तरुण मित्रानं मला मोबाइलवर एका कॅमेऱ्याचं चित्र दाखवलं. फिल्मवर चालणारा रेंजफाइंडर. तो त्याला बनवून घ्यायचा होता. कातडं कोणत्या रंगाचं, वरची पट्टी काळी की चंदेरी, नाव कोरायचं की नाही, सगळं आपण सांगायचं. जर्मनीच्या लायका कंपनीनं काही वर्षं अशी सोय दिलीही होती. मग त्यानं विचारलं, ‘सर, पूर्वी आपल्याकडची माणसं कॅमेरा कसा मागवत असतील?’ प्रश्न साधा होता, पण मला तो थेट अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात घेऊन गेला. म्हणून आजचा विषय हाच.

सुमारे १९१७ साल. ‘लंकादहन’ जोरात चाललेला आहे. दादासाहेब फाळके अमरावतीला आलेत आणि इंद्रभुवनमध्ये त्यांचा सत्कार होतोय. सत्कार करणारे कोण? दादासाहेब खापर्डे. म्हणजे गणेश श्रीकृष्ण खापर्डे, वऱ्हाडचे नामांकित वकील. १८९७ साली काँग्रेसचं अधिवेशन अमरावतीला भरलं तेव्हाचे स्वागताध्यक्ष. टिळकांना शिक्षा झाल्यावर त्यांच्या अपिलासाठी लंडनला जाऊन राहिलेले. स्वदेशी, बहिष्कार हे शब्द ज्यांच्या तोंडी वर्षानुवर्षं होते असा माणूस. आणि ते हार कोणाला घालतायत? ज्याचा कॅमेरा विलायती, फिल्म विलायती, भोकं पाडायचं यंत्रसुद्धा विलायती, त्याला.

आता हे ढोंग होतं का? मला नाही वाटत. पण ते समजून घ्यायचं तर फाळक्यांच्या त्या मागणीकडे जरा बारकाईनं बघायला हवं.

त्याआधी एक छोटी ओळख. फाळक्यांच्या कितीतरी आधी मुंबईत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, आपले सावेदादा, यांचा फोटो स्टुडिओ होता. ७ जुलै १८९६ला वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली, ती त्यांनी पाहिली आणि विलायतेच्या रायली ब्रदर्सकडून २१ गिनींना कॅमेरा मागवला. गिनी म्हणजे २१ शिलिंग. रुपयांत तीनशेच्या वर गेला. पुढे १८९९ला हँगिंग गार्डनमधली कुस्ती त्यांनी टिपली, १९०१ला रँग्लर परांजपे विलायतेहून परतले तो प्रसंगही टिपला. मोठा माणूस. पण त्यांची खरेदी ही फोटोग्राफरची खरेदी होती. एक नवं यंत्र निघालंय, ते दुकानात असावं. पुढे त्यांनी तो नाद सोडला.

फाळक्यांची गोष्ट वेगळी. १९११च्या ईस्टरला गिरगावात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त दिसत असताना डोळ्यांपुढे राम-कृष्ण येत होते, हे त्यांनी स्वतः ‘नवयुग’ मासिकातल्या लेखांत लिहून ठेवलंय. तो प्रसंग सगळ्यांना पाठ आहे. त्यामुळे मी तिथे थांबत नाही, पैशांकडे येतो. बारा हजारांच्या विमा पॉलिसी गहाण टाकून त्यांनी दहा हजारांचं कर्ज उभं केलं आणि १ फेब्रुवारी १९१२ला बोटीत बसले.

लंडनमध्ये ओळखीचं कुणी नाही. पिकॅडिलीजवळ फिरताना त्यांना ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाची पाटी दिसली. याचे ते मुंबईहून वर्गणीदार होते! सरळ आत गेले आणि संपादक कॅबोर्नना भेटले. कॅबोर्ननी आधी समजावलं की बाबा, यात पडू नकोस, इथेच कितीजण बुडालेत, हिंदुस्थानच्या हवेत तर हे जमणारच नाही. फाळके हलले नाहीत. मग त्याच कॅबोर्ननी त्यांना वॉल्टनला सेसिल हेपवर्थच्या स्टुडिओत पाठवलं. हेपवर्थनं हातचं काही राखलं नाही, सगळे विभाग हिंडवून दाखवले. या दोघांच्या सल्ल्यानं फाळक्यांनी पन्नास पौंडांना विल्यमसनचा कॅमेरा घेतला. सोबत फिल्मच्या कडेला भोकं पाडायचं यंत्र आणि कोडॅकची कोरी फिल्म यांची मागणी नोंदवली, आणि १ एप्रिलला परत.

आता पेन्सिल घ्या. तेव्हा पौंड पंधरा रुपयांना होता. पन्नास पौंड म्हणजे साडेसातशे. कर्ज किती होतं? दहा हजार. म्हणजे ज्या कॅमेऱ्याचं आपण इतकं कौतुक करतो तो त्या कर्जाचा दहावा हिस्सासुद्धा नव्हता. बैलजोडी आणावी आणि घरी ना वखर, ना तिफण, ना बी, अशी गत कॅमेरा एकटा आणणाऱ्याची होते. काय काय मागवायचं हे ज्याला कळलं त्याला धंदा कळला. फाळके लंडनला वस्तू आणायला गेले असं आपण म्हणतो. मला विचाराल तर ते यादी आणायला गेले होते.

तो कॅमेरा कसा असायचा ते सांगतो, कारण पुढचं त्यावर अवलंबून आहे. लाकडी खोका, बाजूला हँडल. एका फेऱ्यात आठ चित्रं, सेकंदाला दोन फेरे, हाताची लय बिघडली की पडद्यावर राजा हरिश्चंद्र धावत सुटणार. आणि माझ्या अकोल्याच्या मित्राला जो रेंजफाइंडर हवाय तो त्यात नव्हता. रेंजफाइंडर म्हणजे काय, दोन खिडक्यांतून एकाच वस्तूची दोन चित्रं दिसतात, ती एकावर एक बसवली की अंतर नेमकं लागतं. आपले दोन डोळे करतात तेच. लायकानं कॅमेऱ्याच्या पोटातच बसवलेला आणि भिंगाला जोडलेला रेंजफाइंडर आणला तो १९३२ला. फाळक्यांच्या काळी अंतर मोजायचं टेपनं. नटानं खुणेच्या पुढे पाऊल टाकलं की चेहरा धूसर. एक गंमत सांगून टाकतो: लायकात जी फिल्म घालतात ती मुळात सिनेमाचीच. ऑस्कर बारनाकनं सिनेमाच्या फिल्मवर दोन चित्रांइतकी जागा एका फोटोला दिली, एवढंच. म्हणजे आजचा तो शौकीन कॅमेरा आणि फाळक्यांचा खोका, दोघांच्या पोटात एकच पट्टी.

मे १९१२मध्ये यंत्रं मुंबईला पोचली. सोबत नकाशा होता, तो बघत फाळक्यांनी चार दिवसांत सगळं जोडलं. आणि इथे सरस्वतीबाईंचं नाव घ्यायलाच हवं, एरवी ते शेवटी आभार मानल्यासारखं घेतात. कोरी फिल्म यायची ती बिनभोकांची. रात्री, अंधारात, घरच्या माणसांनी बसून तिला भोकं पाडायची. एका फुटात सोळा चित्रं, प्रत्येक चित्राला दोन्ही कडा मिळून आठ भोकं. ‘राजा हरिश्चंद्र’ ३७०० फुटांचा. गुणाकार केला तर पावणेपाच लाख भोकं होतात, आणि ही फक्त एका निगेटिव्हची, वाया गेलेली फिल्म वेगळी, प्रिंट वेगळी. भोक केसभर सरकलं की चित्र पडद्यावर थरथरतं. त्यात पोरंबाळं, कामावरच्या माणसांचा स्वयंपाक, फिल्म धुण्याची रसायनं. कर्जासाठी स्वतःचे दागिने दिले ते आणखी वेगळे.

तरीही सावकार बधेना. तेव्हा फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा त्याच्यापुढे उभा केला आणि रोज थोडं थोडं टिपून महिनाभराहून जास्त काळची वाढ मिनिटाभरात दाखवली. ‘अंकुराची वाढ’. शेतकऱ्याच्या पोराला यात काय नवल, रोज बघतो म्हणेल. पण वेल सरसर चढताना पाहिला आणि यशवंतराव नाडकर्णींनी पैसे दिले. पुढे ३ मे १९१३ला कॉरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, ते तुम्हाला ठाऊक आहे.

आता परत खापर्ड्यांच्या हाराकडे. स्वदेशीचा अर्थ ‘विलायती वस्तू नको’ एवढाच घेतला तर फाळके नापास. पण लंडनहून आलेल्या सामानात एकही माणूस नव्हता. कॅमेरा चालवायला त्र्यंबक तेलंग इथेच शिकले, फिल्म इथेच धुतली, गोष्ट इथली. अवजार परकं आणि हुन्नर आपला, हा सौदा खापर्ड्यांच्या पिढीला मान्य होता. लंडनला जाऊन, विलायती कायद्याचाच आधार घेऊन टिळकांसाठी झगडलेल्या वकिलाला हे समजावून सांगावं लागलं नसणार.

पण हिशेबात एक खोट होती आणि ती वऱ्हाडात बसून जास्त चांगली दिसते. ती कोरी फिल्म कशाची असायची? कापसाची. कापूस नायट्रिक आणि गंधकाच्या आम्लात भिजवायचा, त्यात कापूर घालायचा, त्याचं सेल्युलॉइड होतं. वर चांदीच्या क्षारांचा लेप. आता आपल्याकडचं चित्र बघा. मूर्तिजापूरवरून यवतमाळकडे आणि अचलपूरकडे जाणारी शकुंतला गाडी टाकली कशासाठी? कापूस मुंबईला न्यायला, तिथून विलायतेला. आपलीच रुई त्या फिल्ममध्ये गेली असं मी म्हणत नाही. पण कापूस पाठवायचा आणि त्याचं धोतर होऊन आलं की विकत घ्यायचं, हे खापर्डे आयुष्यभर सभांतून सांगत होते, आणि फाळक्यांची फिल्म त्याच चाकोरीतली वस्तू होती. कॅमेरा एकदा आणला की वर्षानुवर्षं चालतो. फिल्म रोज लागते.

ही खोट १९१४ला उघडी पडली. फाळके आपले चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले, कौतुक झालं, हेपवर्थनं तिथेच काम करायला बोलावलं. त्यांनी नाही म्हटलं. नवी यंत्रं घ्यायचं ठरत होतं, तेवढ्यात महायुद्ध पेटलं आणि मुंबईत ज्यांनी पैसे द्यायचं कबूल केलं होतं त्यांनी हात आखडला. १९१२ची मागणी दोन महिन्यांत मार्गी लागली होती, १९१४ची अडकून पडली. माणूस तोच, आता तर नावाजलेला.

कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी दुसरा रस्ता धरला. ते आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव, दोघे नाटकांचे पडदे रंगवणारे. कॅमेरा घ्यायला पैसा नाही, तेव्हा घरीच बनवायचं ठरलं. आनंदराव १९१६ला गेले. बाबूरावांनी दामल्यांना हाताशी धरून १९१८च्या सुमाराला चालणारा कॅमेरा उभा केला, आणि त्यावर ‘सैरंध्री’ काढला, १९२०. मला हा माणूस फाळक्यांपेक्षा जास्त चकित करतो, खरं सांगतो. ज्या यंत्रात दात पुढेमागे झाला तर फिल्म फाटते, ते चित्रकारानं बनवायचं! पण त्या घरच्या कॅमेऱ्यातही घालायची फिल्म बाहेरूनच यायची. आपल्या देशात कोरी फिल्म बनवायला उटीचा हिंदुस्थान फोटो फिल्म्स कारखाना निघाला १९६०ला, माल बाहेर पडायला १९६७ उजाडलं. तोवर फाळक्यांना जाऊन तेवीस वर्षं झाली होती.

इंद्रभुवनच्या त्या सत्काराला बाबा व्यास नावाचे गुजराती रंगभूमीवरचे एक कलावंत हजर होते. ते इतके भारावले की त्यांनी फाळक्यांची गाठ पुण्याच्या वामन श्रीधर आपट्यांशी घालून दिली. त्यातून भांडवलदार जमले आणि १९१८च्या सुरुवातीला नाशकात हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी उभी राहिली. तिचं फाळक्यांशी पटलं नाही, ते भांडण मोठं आहे, ते पुढच्या वेळी घेऊ. अकोल्याच्या मित्राला मी त्या दिवशी एवढंच विचारलं, ‘कॅमेरा मागव, पण फिल्म कुठून आणणारेस?’ तो म्हणाला, ‘बाहेरूनच येते सर, अन् लय महाग झाली.’