पांढुर्णा ते जामसावळी : पांदणीच्या शोधात फटफटीवर एक दिवस

मागच्या बैठकीत आपल्या भागातल्या जुन्या पांदणींबद्दल काहीतरी लिहून आणतो, असं मी कबूल केलं होतं. कागदपत्रं चाळून झाली होती, पण प्रत्यक्ष जमिनीवर काय उरलं आहे हे पाहिल्याशिवाय लिहिणं बरं वाटेना. म्हणून दिवाळी आटोपल्यावर, काळी माती वाळली तेव्हा, एका रविवारी एकटाच फटफटी घेऊन निघालो. पांढुर्ण्याहून जामच्या काठाकाठानं जामसावळीपर्यंत जायचं, आणि जाता-येता शक्य तेवढं डांबर टाळायचं, असा बेत होता.

दुसरंही एक कारण होतं, ते आधीच सांगून टाकतो. आमच्या संत्र्याच्या बगीच्याकडे जाणारी पांदण शेजारच्या शेतकऱ्यानं दोन वर्षांपूर्वी तार ओढून बंद केली. छोटा हत्ती आत जात नाही. कॅरेट डोक्यावर वाहून सडकेपर्यंत आणावे लागतात, आणि व्यापारी तेवढा भाव पाडूनच मागतो. प्रकरण तहसीलीत आहे. तेव्हा हा शोध काही अगदी निःस्वार्थ नव्हता.

आपल्या जिल्ह्याचा नकाशा समोर ठेवला की एक गोष्ट लगेच दिसते. मोठे रस्ते आणि रेल्वेमार्ग सगळे उत्तरेकडून दक्षिणेकडे, म्हणजे नागपूरकडे जातात. याला कारण आहे. देवगडच्या गोंड राजा बख्त बुलंदनं १७०२ च्या सुमारास नागपूर वसवलं, पुढे राजधानीच तिकडे गेली, मग भोसले आले. १८५३ मध्ये तिसरे रघूजी वारले आणि राज्य इंग्रजांनी खालसा केलं. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला, त्याचंही ठाणं नागपूरच. १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे नागपुरात पोचली, १८७७ मध्ये एम्प्रेस मिल सुरू झाली आणि कापसाच्या बंड्यांचं तोंड कायमचं तिकडे वळलं. १९१३ च्या सुमारास नागपूर-छिंदवाडा छोटी रेल्वे सौंसरवरून गेली. १९२३-२४ च्या सुमारास नागपूर-इटारसी मोठी लाईन पांढुर्ण्यावरून पूर्ण झाली. दोन्ही गावांना गाडी आली, पण दोन वेगवेगळ्या लाईनींवर. पांढुर्ण्याहून सौंसरला रेल्वेनं जायचं तर आजही मोठा वळसा घालावा लागतो.

या दोन गावांना जोडणारी आडवी रेघ निसर्गानं काढली आहे, ती म्हणजे जाम नदी. पांढुर्ण्यातून ती सौंसरच्या बाजूला जाते आणि पुढे कन्हानला मिळते. तिच्या दोन्ही अंगांनी गावोगावच्या पांदणी होत्या. बाजार, सोयरीक, जत्रा, बैलांचा सौदा हे सगळं या बंडीवाटांवरून चालायचं. सरकारी पुस्तकांत मात्र पक्क्या सडकांची नोंद जास्त, पांदणींची कमी.

आता फटफटीबद्दल थोडं. आपल्याकडे मातीच्या रस्त्यावर फटफटी ही काही नवी गोष्ट नाही. एस्कॉर्ट्स कंपनीनं १९६० च्या दशकात पोलंडच्या एसएचएल गाडीवरून राजदूत काढली, ती दुधाच्या कॅनी लटकवून वावरावावरांतून हिंडली. डांबर आणि माती दोन्हीसाठी मुद्दाम बनवलेल्या गाड्यांची जगात चलती झाली ती यामाहाच्या १९६८ च्या डीटी-१ पासून. आपल्याकडे हिरोनं २०११ मध्ये इम्पल्स काढली, ती फारशी चालली नाही. मग २०१९ मध्ये एक्सपल्स आली. माझी तीच आहे. पुढचं चाक २१ इंची, मागचं १८ इंची, पोट जमिनीपासून २२० मिलिमीटर वर. उंच, अरुंद आणि हलकी. बंडी जिथून जायची तिथून ही जाते, एवढंच तिचं कौतुक या लेखापुरतं पुरे.

सकाळी सहाला पांढुर्ण्याचा पूल ओलांडून सावरगावच्या बाजूला आलो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी याच पात्रात पळसाच्या झाडासाठी गोटमार होते, तेव्हा उभं राहायला जागा नसते. त्या दिवशी धुकं होतं आणि दोन बाया धुणं धूत होत्या. थोडं पुढे जाऊन सडक सोडली.

पहिले काही किलोमीटर मुरूम-गिट्टीचा चांगला रस्ता लागला. असे रस्ते आपल्याकडे दोन टप्प्यांत झाले. डिसेंबर २००० मध्ये प्रधानमंत्री ग्राम सडक योजना सुरू झाली. तिच्यात साधारण पाचशे आणि आदिवासी भागात अडीचशे वस्तीच्या वरची गावं घेतली. त्याहून लहान गावं राहिली, त्यांच्यासाठी मध्यप्रदेश सरकारनं २०१० पासून मुख्यमंत्री ग्राम सडक योजना आणली आणि त्यांना गिट्टी-मुरमाचे रस्ते दिले. पुढे त्यांतल्या बऱ्याच रस्त्यांवर डांबर पडलं. पण या योजना गावापर्यंत येतात. गावापासून वावरापर्यंत पांदणच.

गाव संपलं आणि खरी पांदण सुरू झाली. दोन्हीकडे धुरे, धुऱ्यांवर बोरी-बाभळी, मध्ये दोन चाकोऱ्या आणि त्यांच्यामध्ये गवताचा उंचवटा. फटफटीला यातली एकच चाकोरी धरावी लागते. दुसरीत जायला गेलं की मधल्या ढेकळांवर हँडल हिसका देतं. मी एकदा तसं केलं आणि तुरीच्या वावरात आडवा झालो. लागलं नाही फारसं, पण आरसा गेला.

तीन ठिकाणी परत फिरावं लागलं. एका ठिकाणी रपटा वाहून गेलेला. दुसऱ्या ठिकाणी पांदण नांगरून तिच्यावर कपाशी लावलेली. तिसऱ्या ठिकाणी काटेरी झाप टाकलेला. तिथं एक म्हातारे बाबाजी बैल चारत होते.

“कुठी चालला जी? पुढं रस्ता नाई,” ते म्हणाले.

मी म्हटलं, “आधी होता का बाबाजी?”

“होता ना! आमच्या बापाच्या टायमाले दोन बंड्या आमनेसामने जात होत्या. सौंसरच्या बाजाराले कोंबडा आरवला का निघत होतो. आता बंडीच नाई राहिली, तं वाट कोणाले पाहिजे?”

हे वाक्य मी वहीत उतरवून घेतलं. पांदण बंद होण्याचं कारण नेहमी भांडणच असतं असं नाही. वापर थांबतो, मग दरवर्षी एकेक तास नांगर आत सरकतो.

मोहगावला अर्धनारीश्वराचं दर्शन घेतलं, चहा प्यालो, आणि दुपारी जामसावळीला पोचलो. निजलेल्या मारुतीपुढे नेहमीची गर्दी होती. ऑगस्ट २०२३ मध्ये याच ठिकाणी मुख्यमंत्र्यांनी पांढुर्णा जिल्ह्याची घोषणा केली, आणि ५ ऑक्टोबरला पांढुर्णा-सौंसर मिळून राज्याचा ५५ वा जिल्हा झाला. जामच्या काठचे दोन तालुके छिंदवाड्यापासून वेगळे होऊन एका जिल्ह्यात आले. बंडीवाल्यांच्या हिशेबानं ते आधीपासून एकच होते.

आता कायद्याचं. आपल्याकडे मालगुजारी होती. बंदोबस्ताच्या वेळी गावाचा नक्शा निघे आणि वाजिब-उल-अर्ज लिहिला जाई. त्यात गावाचे रिवाज असत, कोणी कुठून जायचं, पाणी कसं घ्यायचं. १९५१ मध्ये मालगुजारी गेली. १ नोव्हेंबर १९५६ ला नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि आपण मध्यप्रदेशात राहिलो. पण जुना रिवाज कायद्यातून गेला नाही. १९५९ च्या मध्यप्रदेश भू-राजस्व संहितेत कलम २४२ वाजिब-उल-अर्जचं आहे. वहिवाटीच्या वाटेचा तंटा असेल तर कलम १३१ प्रमाणे तहसीलदारानं जागेवर चौकशी करायची आणि पूर्वीचा रिवाज व सगळ्यांची सोय पाहून निकाल द्यायचा. म्हणजे “आधी इथून कोण जात होतं?” हा प्रश्न फक्त आपल्या मंडळाचा नाही. शेतकऱ्याचं पोट त्याच्यावर अवलंबून असतं, आणि त्या बाबाजींसारख्यांची आठवण हा तिथं पुरावा आहे.

हे सगळं मनात घोळवत, आपला पक्ष किती भक्कम आहे या आनंदात मी परत फिरलो. सकाळी गावाच्या बाजूनं शेजाऱ्याची तार लागली होती. म्हणून संध्याकाळी नदीच्या बाजूनं आमच्या पांदणीत शिरलो. हातात जुन्या नक्शाची नक्कल होती. नक्शात दोन खुणा स्पष्ट आहेत, एक पडकी विहीर आणि एक वळण. विहीर सापडली. तिथून वळणाची दिशा धरून चालत गेलो, तर समोर आमचाच बगीचा आला. पुन्हा विहिरीपर्यंत जाऊन पावलं मोजली. उत्तर तेच. जुनी पांदण आमच्या धुऱ्याबाहेरून जात नव्हती. ती आमच्या शेवटच्या दोन ओळींतून जात होती. ती संत्री माझ्या वडिलांनी लावलेली आहेत.

मग उलगडा झाला. पांदणीचं वळण आम्ही गिळलं, म्हणून बंड्या शेजाऱ्याच्या वावरातून जाऊ लागल्या. त्यानं बरीच वर्षं सोसलं, मुलाच्या हाती कारभार आला तेव्हा तार ओढली. तो तक्रार करताना “तुमी पयले पाहा” असं म्हणायचा, आणि मला तो आडमुठेपणा वाटायचा.

ती नक्कल मी पुढच्या पेशीला घेऊन गेलो. घरात यावरून बोलणी खाल्ली, अजूनही खातो. निकाल लागायचा आहे. आंबिया बहाराची तोड झाली की दोन ओळी काढायच्या आणि त्यानं तार मागे घ्यायची, असं आमच्या दोघांत तोंडी ठरलं आहे.

मंडळापुढे माझी सूचना साधी आहे. प्रत्येकानं आपापल्या शिवारातल्या पांदणी या उन्हाळ्यात चालून पाहाव्यात. फटफटी नसली तरी चालेल, पायी जास्त दिसतं. नक्शाची नक्कल बरोबर ठेवावी. विहीर, झाड, रपटा अशा खुणा टिपाव्यात. सत्तरीपुढच्या माणसांना विचारून तारखेसह लिहून घ्यावं. आणि सुरुवात दुसऱ्याच्या धुऱ्यापासून करू नये. मी तशी केली होती, म्हणून दिवस अख्खा गेला.