चार चौकोनांची गोष्ट

दिवाळीत फराळाचे ताट शेजारी गेले, की ते आमच्याकडे रिकामे परत येत नाही. चार करंज्या पाठवाव्यात तर दोन अनारसे येतात. अगदीच काही नसले तर शेजारीण चिमूटभर साखर तरी ठेवतेच. मला मात्र लहानपणी एक ताट असे मिळाले, की त्याची फेड अजून पुरती झालेली नाही. ते आले होते थेट मॉस्कोहून!

मी तेव्हा आठवीत होतो. सुट्टीत ठाण्याला मामांकडे गेलो, तर त्यांनी कचेरीतला जुना संगणक घरी आणलेला. एक काळी चौकोनी फ्लॉपी त्यांनी यंत्रात सारली, आणि पडद्यावर वरून ठोकळे पडू लागले. प्रत्येक ठोकळा चार चौकोनांचा. कुणी काठीसारखा सरळ, कुणी काटकोनात वळलेला, कुणी नुसता चौरस. पडता पडता तो फिरवायचा आणि खालच्या फटीत नेमका बसवायचा. आडवी ओळ भरली की ती नाहीशी व्हायची. ढीग माथ्याला टेकला की खेळ खलास!

"मामा, केवढ्याला घेतलात हो हा खेळ?"

"घेतला कसला! ऑफिसातल्या एकानं दिला."

"आणि त्याला?"

"त्याला आणखी कुणीतरी. चल, आधी चकली खा. मामी केव्हाची हाका मारतेय!"

त्या 'आणखी कुणीतरी'चा माग मी मोठेपणी काढत गेलो, तो थेट १९८४ सालच्या मॉस्कोत पोहोचलो. तिथे सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात अलेक्सेई पाजित्नोव नावाचा तरुण संशोधक काम करीत असे. त्याला कोड्यांचा भारी नाद. पाच-पाच चौकोनांचे बारा तुकडे डबीत बसवण्याचे एक कोडे त्याच्या आवडीचे होते. ते संगणकावर आणताना त्याने चौकोन चारच ठेवले, आणि आकार उरले सात. त्याच्या 'इलेक्ट्रॉनिका ६०' यंत्राला चित्र काढता येत नव्हते, नुसती अक्षरे आणि चिन्हे उमटत. तेव्हा या गृहस्थाने चौकोनी कंसांचेच ठोकळे केले! पहिल्या प्रयोगात पडदा काही सेकंदांतच भरून गेला. मग त्याला सुचले, की भरलेली ओळ पुसून टाकावी. या एका युक्तीने खेळात जीव आला. ग्रीक भाषेत 'टेट्रा' म्हणजे चार. त्याला आपल्या आवडत्या टेनिसची शेपटी जोडून त्याने नाव ठेवले 'टेट्रिस'.

पुढे वादिम गेरासिमोव या सोळा वर्षांच्या शाळकरी मुलाने तो आयबीएमच्या संगणकावर आणला व त्याला रंग दिले. मग काय विचारता! प्रतीवरून प्रत निघू लागली. सरकारी केंद्रातल्या नोकराने आपला खेळ विकण्याची त्या राज्यात सोयच नव्हती. मित्राने मित्राला द्यावा, त्याने आणखी कुणाला. ना पैसा, ना पावती. असा हिंडत तो बुडापेस्टला गेला.

तिथे १९८६ साली रॉबर्ट स्टाइन या लंडनच्या व्यापाऱ्याने तो पाहिला, आणि ताटाला प्रथमच किंमतीची चिठ्ठी लागली. १९८८ साली खेळ पश्चिमेच्या दुकानांत आला. हक्कांचा घोळ इतका वाढला, की फेब्रुवारी १९८९ मध्ये एकाच सुमारास तीन परदेशी पाहुणे त्यासाठी मॉस्कोत हजर! त्यांपैकी हेंक रॉजर्स यांनी हातात धरायच्या यंत्रांचा हक्क मिळवला, आणि निन्टेन्डोच्या 'गेम बॉय'वरून टेट्रिस कोट्यवधी मुलांच्या हाती गेला.

आणि पाजित्नोव? त्याने दहा वर्षांसाठी हक्क सरकारकडे सोपवले होते. जग खेळत होते; त्याच्या पदरात काही पडत नव्हते. १९९१ साली तो अमेरिकेला गेला, १९९६ साली हक्क परत आल्यावर रॉजर्स यांच्याबरोबर त्याने कंपनी काढली, आणि तेव्हा कुठे त्याला आपल्या खेळाचे पैसे मिळू लागले.

हे वाचले तेव्हा मला माझे दुखणे आठवले. माझ्या पहिल्या कादंबरीचे पैसे प्रकाशकाने दिलेच नाहीत. पुष्कळ दिवस मी धुमसत होतो. मग एकदा एसटीत शेजारी बसलेल्या मुलीच्या हातात तेच पुस्तक दिसले. कव्हर गेलेले, पाने कुरतडलेली. "कुणाचं ग?" मी विचारले. "मैत्रिणीचं. तिला मावशीनं दिलंय." लेखकाचे नाव तिला ठाऊक नव्हते; ते कव्हराबरोबरच गेले होते. मला आनंद झाला, अगदी खरा. पण म्हणून उधारी काही फिटली नाही. आनंद आपल्या जागी, उधारी आपल्या जागी. माझ्यासारख्या फुकट्या खेळाडूंबद्दल पाजित्नोवलाही असेच काहीसे वाटत असेल का?

म्हणून दिवाळीच्या सुट्टीआधी, शेवटच्या तासाला, मी वर्गात पुठ्ठ्याचे सात आकार कापून घेतो आणि ही गोष्ट सांगतो. गेल्या वर्षी एका मुलाने विचारले, "सर, हे घरी नेऊ? भावाला देतो."

"ने की," मी म्हटले. "मात्र कुणाचा खेळ, ते त्याला सांग हं!"

तो दारापर्यंत गेला आणि परत वळला.

"सर, ते नाव पुन्हा एकदा सांगा ना."

मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून दिले.