विळी, पाटा आणि विजेचा चॉपर

देवळात उत्सव असला म्हणजे आदल्या रात्री अग्रशाळेत जे दृश्य दिसते, ते गोमंतकातील वाचकांना नव्याने सांगावयास नको. दहा-पंधरा स्त्रिया आपापली आदोळी पुढे घेऊन ओळीने बसलेल्या असतात. घाटावर जिला विळी म्हणतात तीच ही. हिच्या टोकाला नारळ खवण्याचे दातेरी चक्र असते, एवढेच. कुणी सुरण फोडीत असते, कुणी भोपळ्याच्या फोडी करीत असते, कुणी नारळ खवीत असते. हात चालू असतात आणि बोलणेही चालू असते. दुसऱ्या दिवशी पानात पडणाऱ्या खतखत्याची चव या रात्रीच निम्मी ठरलेली असते, असे आमची आई नेहमी म्हणे.

ती आई आता पंचाहत्तरीच्या पुढे गेली आहे. गुडघ्यांमुळे तिला खाली बसवत नाही आणि मनगटात पूर्वीचा जोर राहिला नाही. गेल्या वर्षी मी तिच्यासाठी विजेवर चालणारा एक लहान चॉपर घरी आणला. तिने तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, "अरे, हा चिरतो की वाटतो?" मी म्हणालो, "दोन्ही करतो, आई." माझे हे उत्तर चुकीचे होते. ते का चुकीचे होते हे समजावून घेताना मला या लहानशा यंत्रामागचा मोठा इतिहास दिसला. तो वाचकांपुढे ठेवावा म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम आपल्या भाषेची साक्ष काढू. अन्नाचे लहान तुकडे करावयाचे, या एका कामासाठी मराठीत किती क्रियापदे आहेत पाहा. भाजी चिरतात, सुरण फोडतात, गाजर किसतात, नारळ खवतात, काकडी कोचवतात, मिरची ठेचतात, दाणे कुटतात, भात कांडतात, चटणी वाटतात, पीठ दळतात आणि औषधाची मात्रा सहाणेवर उगाळतात. यांतील एकही शब्द दुसऱ्याच्या जागी चालत नाही. कारण प्रत्येकामागे निराळे साधन आहे आणि प्रत्येकातून निघणारा पदार्थ निराळा आहे. परंतु बारकाईने पाहिल्यास या सर्वांची दोनच कुळे आहेत. एक धारेचे आणि दुसरे दगडाचे. धार पदार्थाला विभागते. दगड त्याला दाबून, चिरडून त्याचा रस आणि गंध बाहेर काढतो.

ही दोन्ही कुळे फार प्राचीन आहेत. मोहेंजोदडो येथील उत्खननात धान्य भरडण्याचे, मधे घासून खोलगट झालेले दगड सापडले आहेत. त्यांवर हाताने दुसरा दगड पुढे-मागे फिरवावयाचा असे. आपला पाटा-वरवंटा हा त्यांचा सरळ वंशज मानावयास हरकत नाही. त्याच संस्कृतीत गारगोटीच्या जातीच्या दगडाची लांब, धारदार पातीही सापडतात. गोल फिरणारे जाते मात्र त्यानंतर पुष्कळ शतकांनी आले. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या ग्रंथात राजाच्या भोजनाचे सविस्तर प्रकरण आहे. त्यात उडदाच्या वाटलेल्या पिठाची इड्डरिका आणि डाळींचे नाना प्रकार येतात. राजाच्या ताटातील या कोमलतेमागे दगडावर झिजलेले कुणाचे तरी हात होते, हे ग्रंथात लिहिलेले नाही. पण ते लिहिण्याची गरजही नाही.

आपल्या स्वयंपाकाचा मुख्य भार अशा रीतीने धारेवर नसून दगडावर होता. म्हणूनच दगडाला घरात मान मिळाला. बारशाच्या दिवशी वरवंट्याला बाळासारखे नटवून पाळण्याभोवती फिरवतात; लग्नघरी जाते आणि मुसळ यांना हळदीकुंकू लागते. परंतु मान मिळाला म्हणजे कष्ट कमी झाले असे नव्हे. पहाटे उठून दळावयाचे, मग वाटावयाचे, मग कांडावयाचे, आणि एवढे झाल्यावर चूल पेटवावयाची, असा तो क्रम होता. त्या कष्टांची सर्वांत मोठी साक्ष जात्यावरच्या ओव्यांत आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हिन यांनी महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या. आपण त्या ओव्यांचे कौतुक करतो ते योग्यच आहे. मात्र ज्या श्रमातून त्या निघाल्या तो श्रम परत यावा असे त्या गाणाऱ्या स्त्रियांपैकी किती जणींनी म्हटले असते, याचाही विचार केला पाहिजे.

युरोपातील स्वयंपाकघराची घडण याहून वेगळी. तेथे उभे राहून, फळीवर, हातातील सुरीने कापावयाचे. आपल्याकडे धार स्थिर आणि भाजी फिरती, तिकडे भाजी स्थिर आणि धार फिरती. त्यामुळे तिकडच्या कारागिरांची बुद्धी बहुतांशी ही फिरती धार अधिक वेगाने कशी फिरवता येईल याकडे वळली. १९२२ साली अमेरिकेत स्टीफन पोप्लावस्की याने पेल्याच्या तळाशी फिरणारे पाते बसवून पेये घुसळण्याच्या यंत्राचे एकस्व मिळवले. १९३७ साली फ्रेड वेरिंग या वाद्यवृंदाच्या चालकाने तशाच यंत्राचा सुधारलेला नमुना लोकांपुढे आणला व त्याचे नाव घरोघरी नेले. इकडे फ्रान्समध्ये जाँ मांतले याने १९३२ साली हाताने फिरवण्याची, उकडलेल्या भाज्या गाळून मऊ करणारी चक्की काढली. त्याच्याच 'मूलिनेक्स' कंपनीने पुढे 'मूलिनेट' या नावाचा लहान विजेचा चॉपर बाजारात आणला.

ही पाश्चात्त्य यंत्रे आपल्याकडे आली तेव्हा ती आपल्या चटणीपुढे हरली. मऊ फळे आणि दूध घुसळण्यासाठी केलेल्या मोटारीला ओला नारळ, भिजलेली डाळ आणि सुकी मिरची यांचा भार कसा पेलावा? मुंबईतील एक अभियंता सत्यप्रकाश माथुर यांच्या घरी असाच एक परदेशी मिक्सर जळला. पत्नी माधुरी यांची अडचण पाहून त्यांनी भारतीय वाटणाला पुरेल अशी मोटार स्वतः तयार केली, आणि १९६३ साली कंपनी स्थापून 'सुमीत' मिक्सर बाजारात आणला. आपल्या स्वयंपाकघरात यंत्र प्रथम आले ते चिरण्यासाठी नव्हे, वाटण्यासाठी, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. जेथे ओझे सर्वांत जड होते, तेथे ते प्रथम उतरवले गेले. विळी मात्र आपल्या जागी राहिली.

चिरण्याचे यंत्र निराळ्या वाटेने आले. फ्रान्समध्ये उपाहारगृहांना माल पुरवणाऱ्या पियेर व्हेर्दँ याच्या ध्यानात आले की, आचाऱ्यांचा बराचसा वेळ नुसते कापण्या-चिरण्यात जातो. त्याने रुंद भांड्याच्या तळाशी फिरणारे पाते बसवून मोठे व्यावसायिक यंत्र काढले. त्यावरून प्रेरणा घेऊन कार्ल सॉन्टहायमर या अभियंत्याने १९७३ साली अमेरिकेत 'क्विझिनार्ट' हे घरगुती यंत्र आणले. आजचा लहान चॉपर हे याच कुळातील धाकटे भावंड होय. त्याचे भांडे रुंद, पाती बहुधा दोन पातळ्यांवर, आणि मोटार पुष्कळदा झाकणावर बसणारी. मिक्सरच्या अरुंद भांड्यात पाणी घातले की भोवरा होऊन पदार्थ पुन्हा पुन्हा पात्यावर येतो आणि बारीक होतो. चॉपरमध्ये पाणी नसते. पाते वरून आलेल्या तुकड्याला छेदते आणि बाजूस फेकते. तात्पर्य, मिक्सर कामाने दगडाच्या कुळात बसतो आणि चॉपर धारेच्या.

आता माझ्या चुकीकडे येतो. घरी आणलेल्या त्या पहिल्या यंत्रात मी मोठ्या उत्साहाने नारळाचे तुकडे, मिरच्या आणि थोडे पाणी घालून चटणी करावयास घेतली. बटण दाबून धरले ते दोन-अडीच मिनिटे. जळका वास आला आणि यंत्र थांबले ते कायमचेच. दुकानदाराशी वाद घालण्याची तयारी करून मी माहितीपत्रक उघडले, तो त्यात स्वच्छ छापलेले होते की, सलग तीस सेकंदांहून अधिक चालवू नये. पक्षकार स्वतःच दोषी असेल तर वकिलाने काय करावे? आईने विचारलेला प्रश्न बरोबर होता. जे यंत्र चिरण्यासाठी केले होते, त्याला मी वाटण्याचे काम सांगितले होते.

दुसरे यंत्र घेताना मी अधिक शहाणपणाने वागलो. ज्यांना घ्यावयाचे आहे त्यांच्या सोयीसाठी त्यातील चार गोष्टी येथे देतो. पहिली, यंत्र २३० व्होल्ट व ५० आवर्तनांच्या आपल्या विजेसाठी केलेले असावे. अमेरिकेतून नातलगांनी प्रेमाने पाठवलेले यंत्र तेथील १२० व्होल्टसाठी असते. ते येथे तसेच लावले तर क्षणात जळेल. दुसरी, झाकण नीट बसल्याखेरीज पाते फिरता कामा नये. ही सोय दुकानातच तपासून पाहावी. तिसरी, भांडे शक्यतो काचेचे किंवा पोलादाचे असावे. प्लास्टिकला हळदीचा रंग आणि लसणीचा वास धरतो. मात्र काचेचे भांडे जड असते, तेव्हा ज्याच्या हातात जोर नाही त्याने ते आधी उचलून पाहावे. चौथी, पावती आणि हमीपत्र जपून ठेवावे. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तक्रारदाराला आपण राहतो त्या ठिकाणच्या मंचाकडे जाण्याचा हक्क नव्हता. २०१९ च्या कायद्याने तो दिला आहे. सदोष वस्तूमुळे इजा झाली तर उत्पादकाची जबाबदारीही या कायद्याने स्पष्ट केली आहे. बेळगावच्या ग्राहकाला आता तक्रारीसाठी मुंबई गाठावी लागत नाही, ही लहान गोष्ट नव्हे.

वापरण्याची रीतही सांगतो. कांदा, गाजर, काकडी यांचे इंचभर तुकडे आधी करून घ्यावेत; भांडे अर्ध्याहून फारसे भरू नये. बटण दाबून न धरता एकेक झटका देऊन सोडावे आणि प्रत्येक वेळी पाहावे. कांद्याच्या बाबतीत हे विशेष महत्त्वाचे आहे. पाते जास्त फिरले की कांद्याच्या पेशी चिरडतात, आतले द्रव्य मिसळून उग्रपणा वाढतो आणि कांद्याला पाणी सुटते. मग तो परतला जात नाही, शिजतो. कोथिंबीर धुतल्यावर कोरडी करून मगच घालावी. हळकुंड, सुंठ, जायफळ असे कठीण जिन्नस यात घालू नयेत. साफ करताना आधी प्लग काढावा, मग पाते मधल्या दांड्याला धरून उचलावे आणि त्यानंतरच भांड्यात हात घालावा. मोटारीचा भाग पाण्याखाली धरू नये. ओल्या फडक्याने पुसावा.

एक प्रश्न आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या मनात येईल. तो आईच्याही मनात आला. ज्या भांड्यात कांदा-लसूण चिरली, त्यात नैवेद्याची कोशिंबीर कशी करावयाची? आम्ही यावर वाद घातला नाही. त्याच यंत्राला बसणारे दुसरे भांडे आणि दुसरे पाते घेतले, आणि ते देवघराच्या फडताळात वेगळे ठेवले. धर्मशास्त्राचा निर्णय देण्याचा माझा अधिकार नाही. आमच्या घरचा तोडगा एवढाच सांगितला.

यंत्राने स्त्रीची सुटका झाली, असे म्हणण्याचा प्रघात आहे. अमेरिकन इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी १९८३ च्या आपल्या ग्रंथात या समजाची कसोशीने उलटतपासणी केली. त्यांनी दाखवले की, घरात यंत्रे आली तरी गृहिणीचे कामाचे तास अपेक्षेप्रमाणे घटले नाहीत. पूर्वी पुरुष आणि मुले जी कामे करीत ती यंत्रांनी काढून घेतली, आणि उरलेले सारे तिच्याच अंगावर पडले. हा मुद्दा आपल्याही घराला लागू आहे. चॉपर आणून तो आईच्या किंवा पत्नीच्या हाती दिला आणि आपण वर्तमानपत्र उघडले, तर सुटका झाली ती कुणाची? मला प्रांजळपणे कबूल केले पाहिजे की, चाळिशी उलटेपर्यंत मी घरात एक कांदाही चिरला नव्हता. या यंत्राच्या निमित्ताने तो माझ्या हातून चिरला गेला.

आई आता टेबलाशी खुर्चीवर बसते. वर्षभर तिच्या हातून नैवेद्याचे पान झाले नव्हते. गेल्या चतुर्थीला तिने काकडीची कोशिंबीर स्वतः केली. ती कोचवलेल्या काकडीसारखी झाली नाही, हे तिने चाखण्यापूर्वीच सांगून टाकले, आणि ते खरे होते. परंतु ती तिच्या हातची होती. खतखत्यासाठी मात्र तिने यंत्राला हात लावू दिला नाही. त्यातला सुरण, रताळे आणि कच्चे केळे यांच्या फोडी ठसठशीत आणि सारख्या लागतात. यंत्राला ते साधत नाही. त्यासाठी भिंतीशी उभी असलेली आदोळी खाली आली, आणि तिच्यावर मी बसलो. आई खुर्चीवरून सांगत होती, "फोड जरा मोठी ठेव. घाई करू नकोस."