जीवाणूंच्या भिंतीचा चुना



पाण्याचा माठ चार दिवस घासला नाही, तर त्याच्या आतल्या अंगाला हात लावताच बुळबुळीत लागते. सकाळी उठल्यावर दातांवरून जीभ फिरविली, तर तोच अनुभव येतो. ही नुसती घाण नव्हे; ती जीवाणूंची वसाहत आहे. शास्त्रज्ञ तिला बायोफिल्म म्हणतात. आपण जैवपटल म्हणू. ही वसाहत कशाच्या बळावर टिकून राहते, हे उमगण्यास तीनशेहून अधिक वर्षे लागली. उत्तराचा एक मोठा भाग कित्येक वर्षे डोळ्यांसमोर असूनही त्याची किंमत कोणाला कळली नव्हती.

हॉलंडमधील डेल्फ्ट गावचा कापडव्यापारी आंतोनी व्हान लेवेनहुक याने १६८३ साली आपल्या दातांवरचे किटण सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले व त्यातील वळवळणाऱ्या जीवांचे वर्णन लंडनच्या रॉयल सोसायटीला कळविले. त्याला आणखी एक गोष्ट दिसली. खरवडून काढलेल्या किटणात व्हिनेगर मिसळले की ते जीव मरत. परंतु व्हिनेगरने चूळ भरली तर दातांवरच्या थरात खोल दडलेले जीव वाचत. थर हेच त्यांचे चिलखत होते. हा धागा पुढे फार काळ कोणी उचलला नाही.

याला कारणही तसेच घडले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रॉबर्ट कॉख याने एकेक जातीचा जीवाणू वेगळा करून वाढविण्याची पद्धत रूढ केली. तिच्यामुळे क्षय व पटकी यांचे जीवाणू सापडले, हे तिचे उपकार थोर आहेत. पण त्यामुळे प्रयोगशाळेत सुटा जीवाणूच अभ्यासाचा विषय होऊन बसला, आणि त्याची वसाहत दृष्टीआड झाली. आर्थर हेन्रिसी याने १९३३ मध्ये पाण्यात बुडविलेल्या काचपट्ट्यांवर, आणि क्लॉड झोबेल याने १९४३ मध्ये समुद्रातील जीवाणूंच्या अभ्यासात, पृष्ठभागाला चिकटण्याचे महत्त्व दाखवून दिले. तरी १९७८ साली विल्यम कॉस्टर्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा विषय नेटाने मांडल्यानंतरच त्याकडे सर्वांचे लक्ष वळले.

मधल्या काळात डी. एन. ए.चा उदय झाला होता. हा रेणू आनुवंशिक गुणांचा वाहक आहे, हे अ‍ॅव्हरी, मॅक्लिऑड व मॅकार्टी यांनी १९४४ साली दाखविले. १९५३ साली त्याची दुपेडी रचना उलगडली. अशा कुलीन रेणूचे स्थान पेशीच्या अंतःपुरात! १९५६ साली बी. वेस्ली कॅटलिन यांनी पेशीबाहेर आढळणाऱ्या डी. एन. ए.विषयी ‘सायन्स’ या नियतकालिकात लिहिले. परंतु मेलेल्या पेशींतून सांडलेला अवशेष, यापलीकडे त्याला फारसे महत्त्व मिळाले नाही.

अखेर २००२ साली सिंथिया व्हिचर्च व सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला. जखमा व फुप्फुसे यांना ग्रासणाऱ्या स्यूडोमोनास जीवाणूच्या जैवपटलात त्यांनी डी. एन. ए.चे तुकडे करणारे विकर घातले. साठ तासांपर्यंतची कोवळी पटले विरघळून गेली. पण चौऱ्यांशी तासांच्या जुन्या पटलावर विशेष परिणाम झाला नाही. ज्याला कचरा मानले, तो पायाच निघाला.

मग कॅल्शियमचे काय? डी. एन. ए.च्या कण्यातील फॉस्फेटवर ऋण विद्युत्भार असतो, आणि बहुतेक जीवाणूंच्या पृष्ठभागावरही तोच. समान भार परस्परांना दूर लोटतात. कॅल्शियमच्या आयनावर मात्र दोन धन भार असतात. त्यामुळे तो दोघांमध्ये पुलासारखा बसतो. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या, ऑस्ट्रेलियातील संशोधकांच्या प्रयोगांत असे आढळले की, कॅल्शियममुळे जीवाणूंचा डी. एन. ए. अधिक स्रवत नाही; पण जो बाहेर आहे त्याच्याशी ते आपोआप जोडले जाते आणि जीवाणूंचे पुंजके वाढतात. विकराने तो डी. एन. ए. काढून टाकल्यावर मात्र एकट्या कॅल्शियमने काहीच साधले नाही. जुन्या वाड्यांच्या भिंती बांधणारे गवंडी हे जाणत होते: चुना कितीही चांगला असो, घाणीत वाळू पडल्याखेरीज बांधकामाचा गिलावा होत नाही.

हा केवळ पंडितांचा विषय नाही. रुग्णाच्या शिरेत ठेवलेली नळी, बसविलेला कृत्रिम सांधा किंवा हृदयाची झडप यांवर असे पटल धरले, की सुट्या जीवाणूंना मारणारे औषधही हतबल होते, आणि कधी कधी बसविलेली वस्तूच काढावी लागते. रक्तातील कॅल्शियम काढून टाकता येत नाही, कारण हृदयाचे ठोके त्यावर चालतात. म्हणून बंध तोडायचा तो डी. एन. ए.च्या बाजूने, आणि तोही पटल कोवळे असतानाच, अशी दिशा या प्रयोगांतून दिसते. प्रयोगशाळेतून रुग्णाच्या खाटेपर्यंतची वाट अजून लांब आहे.

लेवेनहुकच्या चुळीपासून निघालेली ही कथा एवढेच सांगते की, निरुपयोगी म्हणून बाजूला सारलेल्या वस्तूकडे पुन्हा एकदा पाहावे. तोवर माठ मात्र रोज घासावा.