बिल्ड फाइलमधील कंपायलर-फ्लॅग : तपासणी व पुनर्लेखनाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
प्रोग्रॅमचे रूपांतर यंत्रभाषेत करण्याचे काम कंपायलर करतो. वेगाला किती महत्त्व द्यावे, कोणत्या दोषांविषयी इशारा द्यावा, हे त्याला 'फ्लॅग' या छोट्या संकेतांनी कळविले जाते. हे फ्लॅग बिल्ड फाइलमध्ये नोंदविलेले असतात. या नोंदीवर अधिकार मूळ लेखकाचा की प्रोग्रॅम आपल्या संगणकावर कंपाइल करणाऱ्याचा, या प्रश्नाच्या अनुषंगाने प्रस्तुत लेखात तपासणी व पुनर्लेखन यांचा विचार केला आहे.

उगम :
१९७६ मध्ये बेल प्रयोगशाळेत स्टुअर्ट फेल्डमन यांनी 'मेक' हे साधन तयार केले. दुरुस्त केलेली फाइल पुन्हा कंपाइलच न झाल्यामुळे निर्दोष प्रोग्रॅममधील चूक शोधण्यात सहकारी स्टीफन जॉन्सन यांची सकाळ वाया गेली. हा प्रसंग त्यास निमित्त ठरला. याच जॉन्सन यांनी पुढे 'लिंट' हे तपासणीचे साधन निर्माण केले व १९७८ मध्ये त्याचे विवेचन प्रसिद्ध केले. कपड्याला चिकटणाऱ्या बारीक तंतूंवरून त्यास हे नाव मिळाले. मात्र लिंट सी भाषेतील प्रोग्रॅम तपासत असे. मेकफाइल त्याच्या कक्षेबाहेर राहिली.

अधिकाराची सीमारेषा :
ग्नू प्रकल्पाच्या लेखनसंकेतांनी 'सीफ्लॅग्ज' हे चल वापरकर्त्यासाठी राखून ठेवले. कंपाइल होण्यास अनिवार्य असणारे फ्लॅग लेखकाने अन्यत्र नोंदवावेत, असा दंडक त्यांनी घातला. हॅस्केल भाषेसाठी २००५ मध्ये आलेल्या 'कबाल' व्यवस्थेत पुढे या दंडकाशी मिळतीजुळती यांत्रिक तपासणी आली. 'जीएचसी-ऑप्शन्स' या रकान्यात लेखकाने 'ओ' हा फ्लॅग लिहिल्यास तपासनीस आक्षेप घेतो; कारण तो कबाल स्वतःच जोडतो आणि लेखकाच्या नोंदीमुळे वापरकर्त्याने ऑप्टिमायझेशन बंद ठेवण्याच्या पर्यायात अडथळा येतो. 'डब्ल्यू-एरर' प्रत्येक इशाऱ्यास चूक ठरवितो. नव्या कंपायलरने नवा इशारा दिला, की एक अक्षरही न बदललेला प्रोग्रॅम कंपाइल होईनासा होतो.

पुनर्लेखनाच्या मर्यादा :
भाषेचे विस्तार सुरू करणारे फ्लॅग विस्तारांसाठी असलेल्या स्वतंत्र रकान्यात हलविणे तुलनेने निर्धोक आहे, कारण तेथे अर्थ कायम राहून आशय अधिक स्पष्ट होतो. परंतु सर्वच फेरबदल असे नसतात. जीसीसी कंपायलर ऑप्टिमायझेशनच्या अनेक फ्लॅगपैकी शेवटचा ग्राह्य धरतो. 'ओ२' नंतर 'ओ०' लिहिलेले असताना नीटनेटकेपणासाठी ते वर्णक्रमाने लावल्यास 'ओ०' आधी येतो, 'ओ२' शेवटी जातो आणि बंद असलेले ऑप्टिमायझेशन सुरू होते. फाइल सुबक दिसते; आज्ञा मात्र उलटते.

निष्कर्ष :
अर्थ अबाधित राहत असेल तेथे पुनर्लेखन यंत्राकडे सोपविता येते. अधिकाराचा प्रश्न असेल तेथे यंत्राने केवळ इशारा द्यावा व निर्णय मनुष्यावर सोपवावा. फ्लॅगच्या रकान्याची तपासणी ही म्हणूनच केवळ स्वच्छतेची बाब नसून लेखक व वापरकर्ता यांच्यातील अधिकारांच्या विभागणीची बाब ठरते.